बाजूला काढलेलं मत

नवं मतदान यंत्र आमच्या कुंभळगावात पहिल्यांदा आलं, त्या दिवशी शिरपा लोहाराचं बोट काचेवरच्या दोन चिन्हांच्या मधोमध चिकटून बसलं. दोन्ही पार्ट्यांचं मटण खाल्लं होतं त्यानं. बोट इकडं सरकेना, तिकडं सरकेना. मागं रांग खोळंबली. शेवटी सुताराला बोलावून, खोबरेल तेल सोडून शिरप्याला मोकळा केला, तेव्हा कुठं मतदान पुढं सुरू झालं.

हे तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ, माझा आग्रह नाही. पण त्याच यंत्रानं जालिंदर भोऱ्याचं मत बाजूला काढलं आणि एका चांगल्या चाललेल्या संसाराची शिवण उसवायची वेळ आली, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी यंत्राचं सांगतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लकवा मारलेल्या हातांवर काम चाललं होतं. मेंदूतून निघालेला हुकूम बोटापर्यंत पोचतो का, वाटेत कुठं अडतो, हे पाहायला तिथल्या डॉक्टरांनी एक काच बनवली. दिसायला साधी, पण तिच्या पोटात केसाहून बारीक तारांचं जाळं. बोट टेकलं की नाडी, घाम, स्नायूंची थरथर, सगळं ती टिपून घ्यायची. तिच्याशी खेळता खेळता डॉक्टरांना एक भलतंच गवसलं. धडधाकट माणूस मनासारखं काही करतो, तेव्हा बोट पुढं नेणारे स्नायू कामाला लागतात आणि मागं ओढणारे गप्प बसतात. मनाविरुद्ध करतो, तेव्हा दोन्ही एकदम ताणले जातात. गाडीचा एक बैल पुढं ओढतोय आणि दुसरा मागं, तसं. वरून पाहणाऱ्याला बोट सरळ गेलेलं दिसतं. आतली ही ओढाताण पापणी लवायच्या आत संपते, ज्याचं बोट त्यालाही तिचा पत्ता लागत नाही. काचेला लागतो.

डॉक्टरांनी ती काच लकव्यासाठी बनवली होती, पण ती नेमकी राजकारण्यांच्या नजरेला पडली. त्यातून झाला निर्भय मतदान कायदा. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळी मतं या काचेवर द्यायची. ज्या मताला ओढाताण सापडेल, ते मोजायचं नाही, बाजूला काढायचं. मत कुणाला दिलं ते यंत्र कुणालाच सांगणार नाही. फक्त त्या मतदाराला फोनवर निरोप जाईल की तालुक्याला या, एकट्यानं पुन्हा मत द्या. त्याला म्हणायचं फेरमत. फेरमतालाही बोट अडखळलं, तर मत बाद.

या कायद्यावरून देशात जे रान उठलं ते विचारू नका. एक बाजू म्हणायची, आता मत विकत घेऊन दाखवा. दुसरी म्हणायची, माझ्या मनात डोकवायचा सरकारला अधिकार काय? मी मनाविरुद्ध मत देईन, नाहीतर डोळे मिटून देईन, ते माझं आहे. आमच्या गावात सलूनमध्ये हा वाद एवढा पेटला की अर्धी दाढी झालेला एक जण तसाच उठून भांडत भांडत एसटी स्टँडपर्यंत गेला. परत येऊन उरलेली दाढी करून घेतली तर हरल्यासारखं होईल, म्हणून बरेच दिवस तसाच हिंडला. डावीकडून म्हातारा, उजवीकडून तरणा.

पण पहिल्या निवडणुकीत चमत्कार झाला. आमच्याकडं पूर्वी उमेदवार घरोघर जाऊन बेल-भंडारा उचलायला लावायचे. देवाच्या शपथेनं बांधलेला माणूस मतपेटीपाशी गेला तरी बांधलेलाच. यंत्रानं भंडारा उचललेली अख्खी गल्ली बाजूला काढली. सासऱ्याच्या धाकानं मत देणाऱ्या सुना फेरमताला तालुक्याला गेल्या आणि एसटीत हसत-खिदळत परत आल्या. पुढच्या खेपेपासून भंडारा देवापुढंच राहिला. म्हणून यंत्र लोकांच्या मनात बसलं. माझ्याही. एवढं ध्यानात ठेवा, की ते यंत्र वाईट नव्हतं.

आता माणसांकडं येतो. आमचा नवरंग ब्रास बँड होता. जालिंदर त्यात क्लॅरिनेट वाजवायचा आणि मी खुळखुळे. ज्याला काहीच वाजवता येत नाही पण युनिफॉर्म शोभतो, त्याच्या हातात खुळखुळे देतात. जालू मात्र खरा कलावंत. त्यानं वरातीत क्लॅरिनेट उचललं की घोडी आपसूक नाचायची आणि नवरदेव खाली उतरायला बघायचा.

त्याची बायको मालन गावची अंगणवाडी सेविका. अर्ध्या गावाला अक्षर तिनंच शिकवलं, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. मी म्हणायचो वहिनी. लग्नसराईत जालू गावोगाव, आणि तो घरी असला की बाई पोरांची वजनं करत, लसीचे डोस पाजत, सरकारी सर्व्हे भरत दारोदार. असा त्यांचा संसार झाला. एकजण आत आला की दुसरं बाहेर. मग बाई निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास जालूचे पुढचे दात पडून क्लॅरिनेट सुटलं. तेव्हा ती दोघं पहिल्यांदा एका वेळी एका घरात सापडली. दुपारी ओट्यावर सात-आठचा डाव मांडायची. वहिनी पत्ते मांडीखाली लपवायच्या. जालू हरायचा आणि असा खूश असायचा की बघणाऱ्याला वाटावं, हाच जिंकला.

हे सुख वर्षभर टिकलं असेल. मग सरपंचाची निवडणूक लागली.

त्या वेळी सरपंच होते नेमगोंडा मगदूम. नेमूआण्णा. माणूस सरळ, पण त्यांना कमानींचं वेड. गावात शिरायला रस्ता एक आणि कमानी दोन, तिसरीचा पाया खणलेला. इकडं अंगणवाडीचा पत्रा गळतोय. बायांचा घोळका वहिनींकडं आला, म्हणाला, बाई, तुम्ही उभ्या राहा. वहिनी म्हणाल्या, "घरात विचारते." आत येऊन विचारायच्या आधीच जालू म्हणाला, "उभी राहा. विचारतेस काय?" अर्ज भरायला तोच पुढं. घरोघर हात जोडायला तोच. वहिनी भाषणाला उभ्या राहिल्या की टाळी पहिली त्याची.

मतदान झालं. थोडी मतं बाजूला निघाली, ती माणसं तालुक्याला जाऊन फेरमत देऊन आली. मोजणी झाली तर दोघांना अगदी सारखी मतं. आणि एक फेरमत यायचं राहिलेलं.

ते होतं जालिंदर भोऱ्याचं. पहिला निरोप त्यानं कुणाला कळू दिला नव्हता, आता दुसरा आला.

तालुक्याच्या निरोपाची गोष्ट मतदारापाशीच राहावी असा कायदा आहे. पण आमच्या गावात फोन वाजला की शेजारचा तीन घरं सोडून "कुणाचा हो?" म्हणून विचारतो. संध्याकाळच्या आत गावभर झालं. बाईंच्या नवऱ्याचं मत बाजूला काढलं! म्हणजे बाई घरात नवऱ्याला दम देतात! सलूनमध्ये कुणी म्हणालं, दम कसला, लाटणं. नेमूआण्णांनी त्याला गप्प केलं, पण हसू काही गप्प बसलं नाही.

मी जालूकडं गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर उभ्या होत्या आणि जालू खाली मान घालून पत्ते पिसत होता.

"कुणाचा दबाव होता तुमच्यावर?" वहिनी विचारत होत्या.

"कुणाचा न्हाई."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"त्याला काय कळतंय."

"परवापर्यंत तर त्याचे गोडवे गात होता. नेमूआण्णांनी काही..."

"मालन!"

"मग माझा? माझा धाक वाटतो तुम्हाला? सांगा की. भावजी, तुम्ही सांगा, मी कधी या माणसावर आवाज चढवलाय?"

हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. मी म्हटलं, "कधीच न्हाई, वहिनी," आणि दोन पावलं मागं सरलो.

जालूनं पत्ते पुन्हा पिसायला घेतले. वहिनींचा आवाज खाली आला, ते जास्त वाईट. "एवढी वर्षं झाली. मला वाटलं होतं, गावात एक मत तरी माझं हक्काचं हाय," असं म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून ओट्यावरचा डाव बंद. बोलणंही बंद. जेवण वाढायच्या, पण ताट ठेवतानाचा आवाज असा की जेवणारा अर्ध्या भाकरीत उठावा.

मी जालूला एसटी स्टँडच्या बाकावर बसवला. चहा पाजला. दुसरा पाजला. तिसऱ्याला तो बोलला.

"मला ती घरात हवी हाय, बापू."

"आं?"

"आत्ता कुठं ती मला गावली. सरपंच झाली की सकाळी ग्रामपंचायत, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी. मी पुन्हा एकटा ओट्यावर. मत देताना हेच मनात आलं. बोटानं काय केलं ते मला कळलंबी न्हाई."

"मग तिला सांग की हे."

"सांगितलं तर ती सगळं सोडून घरात बसंल. तुला ती ठाऊक हाय. जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली तिनं. पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंय. आणि मी तिला म्हणू, माझ्याबरोबर पत्ते खेळ?"

मी विचार केला, यंत्राला फसवायचं काम आहे एवढंच. ते तर आपलं कामच. तालुक्याच्या कचेरीत लोकांना सवय व्हावी म्हणून एक नमुन्याचं यंत्र ठेवलं होतं. काचेवर आंबा आणि केळं. मनात आंबा धरून आंब्यावर बोट ठेवलं की हिरवा दिवा. मनात आंबा आणि बोट केळ्यावर, तर तांबडा. मी जालूला म्हटलं, तू क्लॅरिनेटवाला. श्वास पोटात कोंडून सूर लांबवायचास, तसा कोंड आणि दाब. त्यानं कोंडला. तोंड जांभळं झालं, डोळे बाहेर आले. दिवा तांबडा. एक गाणं मनात म्हणत दाबलं. तांबडा. मग मी दाखवतो म्हणून मी बोट ठेवलं. आंबा धरला केळं दाबलं, केळं धरलं आंबा दाबला. दिवा सदा हिरवा. तिथला कारकून चकित. पण त्यात चकित होण्यासारखं काही नाही. खोटं बोलताना माझ्या मनात कधी भांडणच होत नाही.

जालूचा तो पिंड नव्हता. फेरमताला त्याचं बोट पुन्हा अडखळणार आणि मत बाद होणार हे उघड झालं. मग चिठ्ठी टाकून सरपंच ठरवायचा. कायद्यात एकच फट होती. मतदाराला हरकत घेता यायची की माझ्यावर दबाव नव्हता, माझं पहिलं मत जसंच्या तसं मोजा. अशी हरकत तोवर राज्यात कुणी घेतली नव्हती. जालूनं घेतली.

सुनावणी उघडी होती. तालुक्याच्या कचेरीत आमचं अर्धं गाव, वर टीव्हीवाले. अधिकारी होत्या फरीदा मुल्ला. मिरजेकडच्या, केस लवकर पिकलेल्या, हसताना कुणी न पाहिलेल्या. वहिनी आल्या, पण जालूपासून दूर, बायांच्या ओळीत बसल्या. नेमूआण्णांनी वकील आणला होता, डांगे म्हणून.

"मत कुणाला दिलं ते सांगायचं नाही," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "सांगितलंत तर तिथंच बाद. एवढंच सांगा, ते मत तुमचं स्वतःचं होतं का?"

"माझंच होतं, मॅडम."

"बोट तसं म्हणत नाही."

जालूनं आपल्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी बँडात होतो. आमचे वडील, आबा, गेले त्या दिवशी परगावची वरात ठरलेली. बँडचे मालक म्हणाले, येऊ नको. मी गेलो. त्या लोकांचा काय दोष, त्यांच्या घरचं लग्न. रात्रभर नाचाची गाणी वाजवली. डोळ्यांतनं पाणी चाललंय आणि हातात नाच. तेव्हा ही काच माझ्या क्लॅरिनेटला लावली असती, तर ती म्हणाली असती, हे गाणं याचं न्हवं. पण ते माझंच होतं, मॅडम. मनाला नको होतं, तरी माझं होतं."

मी त्या वरातीत होतो. तो घामच पुसतोय असं मला वाटलं होतं.

मुल्ला मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं म्हणणं मला पटतंय, भोरे. म्हणूनच भीती वाटते. तुम्ही बसलाय त्या खुर्चीत मागं फेरमताला आलेली एक बाई बसली होती. गालावर बोटांचे वळ. तीही म्हणाली, मी माझ्या खुशीनं दिलं. नवरा बाहेर उभा होता. तिच्यासाठी हा कायदा आहे. तुमच्यासाठी मी दार उघडलं, तर उद्या तो नवरा त्याच दारानं आत येईल. काय करू, सांगा."

जालूनं हात जोडले. "मग बाद करा, मॅडम," म्हणाला. "त्या बाईचं मोठं हाय."

तो उठायला लागला आणि बायांच्या ओळीतून वहिनी उठल्या.

"मला यांना एक विचारायचंय."

"तुम्ही उमेदवार आहात. उमेदवाराला इथं बोलता येत नाही."

"उमेदवार म्हणून न्हाई. बायको म्हणून."

"कायद्यात बायको नाही."

"मग घाला की," वहिनी म्हणाल्या. "एवढं मोठं पुस्तक केलंय, त्यात एवढी जागा नसंल व्हय?"

हशा झाला. डांगे वकील हरकत घ्यायला उठले, पण नेमूआण्णांनी त्यांच्या कोटाची शेपटी ओढून त्यांना खाली बसवलं. "बोलू द्या हो," म्हणाले. "मला जिंकायचंय, पण असं न्हाई."

मुल्ला मॅडमनी मान हलवली. वहिनी जालूसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आबांच्या दिवशी तुम्ही वरातीला गेला होता. मला सांगितलंत, निरोप द्यायला पाव्हण्यांकडं गेलो होतो."

"व्हय."

"रडलात तेबी आज कळतंय, ह्या टीव्हीवाल्यांबरोबर. आणखी काय काय लपवलंय माझ्यापासनं? मत कुणाला दिलं ते विचारत न्हाई. मनात काय होतं ते सांगा."

जालू माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं.

मुल्ला मॅडम पुढं वाकल्या. "थांबा. इच्छा सांगणं म्हणजे मत सांगणं नव्हे, तेव्हा हे चालेल. पण भोरे, बोट काचेवर ठेवून बोला. जे बोलाल ते खरं आहे का, मलाही बघू दे."

यंत्र आणलं. जालूनं बोट टेकवलं.

"मालन," तो म्हणाला, "तू घरात राहावीस असं मला वाटतं."

दिवा हिरवा. बायांच्या ओळीत कुजबुज उठली, एकदोघी तर उभ्याच राहिल्या. वहिनींनी हात वर करून त्यांना बसवलं. डोळे जालूवरच.

"दुपारी तू ओट्यावर समोर बसतेस, ते मला लई आवडतं. तू पत्ते लपवतेस ते मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. तरी आवडतं. तू गेलीस की ओटा खायला उठंल."

हिरवा.

"आणि?" वहिनींनी विचारलं.

"आणि तू त्या खुर्चीत बसलेली मला बघायची हाय. पोरांच्या डोक्यावरचा पत्रा तू बदललेला बघायचाय. तेबी लई वाटतं."

हिरवा. तोही तसाच.

मुल्ला मॅडम त्या दिव्याकडं पाहतच राहिल्या. मग हळूच, जणू स्वतःशीच म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एकदम बोटात आल्या, की याला त्यातली एक खोटी वाटते."

"मग मला सांगितलं का न्हाईत?" वहिनींनी विचारलं.

"तू थांबली असतीस."

"थांबले असते न्हाईतर नसते! ते मी ठरवलं असतं. तुम्ही माझ्या वाटचंबी तुम्हीच ठरवून टाकलं व्हय?" वहिनींनी पदरानं नाक पुसलं आणि मॅडमकडं वळल्या. "ते पहिलं मत मोजू नका. ते माझ्यापासनं लपवून दिलंय, मग ते कुणालाबी दिलेलं असू दे. मला नको तसलं." मग पुन्हा जालूकडं. "आता मला ठाऊक हाय. आता आत जा आणि मनाला येईल ते दाबा. मला घरात बसवायचं असलं तर तसं दाबा. मी रडीन, भांडी आपटीन, तुमच्याशी चार दिवस बोलणार न्हाई. पण मनात धरून बसणार न्हाई."

जालू हसला. पुढच्या दातांची फट सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली.

त्यानं हरकत मागं घेतली आणि फेरमताच्या खोलीत गेला. दार लागलं. दाराच्या वर एक दिवा होता. तांबडा लागला की मत बाद, चिठ्ठी टाका. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. नेमूआण्णांनी त्यांना आपली खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही. शेवटी त्या खुर्चीत मी बसलो.

दिवा हिरवा लागला. जालू बाहेर आला तो तोंड धुऊन आल्यासारखा. वहिनींनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. निकाल दुसऱ्या दिवशी होता. जाताना एसटीत दोघं शेजारी बसली. वहिनींनी आबांचं विचारलं, कोणकोणती गाणी वाजवलीत त्या दिवशी? जालू एकेक सांगत गेला, चाल गुणगुणत. मी पुढच्या बाकावर होतो. या खेपेला मी खरंच छताकडं बघत नव्हतो, कान मागं होते.

दुसऱ्या दिवशी मालन जालिंदर भोरे एका मतानं सरपंच झाल्या.

पुण्याचे डॉक्टर त्यानंतर खास कुंभळगावला आले. जालूच्या दोन्ही वेळच्या बोटाच्या रेघा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या होत्या. मत देताना माणसाच्या मनातली इच्छा तीच, सोडून द्यायची गोष्टही तीच, आणि तरी पहिल्यांदा ओढाताण नि दुसऱ्यांदा नाही, असं कसं? त्यांचा अंदाज असा की बोट मनाविरुद्ध वागल्यानं अडखळत नाही, लपवल्यानं अडखळतं. ज्याच्यासाठी आपण काही सोडतो त्याला ते सांगून सोडलं, की मागं ओढणारा स्नायू ढिला पडतो. अजून पुरतं सिद्ध व्हायचंय, असं ते दर दोन वाक्यांनी म्हणत. शास्त्रज्ञ माणूस. आमच्यासारखं ठोकून द्यायची त्यांना सोय नाही.

मुल्ला मॅडमनी मात्र सिद्ध व्हायची वाट पाहिली नाही. त्यांनी वर लिहून लिहून नियम बदलून घेतला. आता फेरमताच्या खोलीशेजारी आणखी एक खोली असते, बोलायची. मतदारानं स्वतः मागितली तरच उघडायची आणि अधिकाऱ्यानं समोर बसायचं. ज्याला सांगायचं राहिलं त्याला तिथं सांगा, बोट काचेवर ठेवून. गालावर वळ असलेली ती बाई पुढच्या निवडणुकीत आली, तेव्हा मॅडमनी विचारलं, नवऱ्याला आत बोलावू? ती नको म्हणाली. नुसतं नको म्हणतानाच तिचं बोट एवढं थरथरलं, की मॅडमनी त्या दिवशी मताआधी पोलिसांना बोलावलं. बाकी तालुक्यात असं झालंय की निवडणूक नसतानाही लोक त्या खोलीची चौकशी करत येतात. दोन भावांनी बांधाचा वाद तिथं मिटवला. एका जावयानं सासूला सांगितलं की तुमच्या पुरणपोळीत गूळ जास्त होतो. दिवा हिरवा लागला, पण तो अजून सासुरवाडीला गेलेला नाही.

वहिनींनी पाच वर्षं कारभार केला. अंगणवाडीवर स्लॅब पडला. तिसरी कमान अर्धवट राहिली, तिला आता म्हशी अंग घासतात. मी रोज सकाळी पेपर वाचायला जालूच्या ओट्यावर जायचो, त्यामुळं पुढचं सगळं माझ्यासमोरचं. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या की जालू म्हणायचा, "आज नको जाऊस." रोज. लपवायचं नाही असं ठरलं होतं ना.

"जाणार," वहिनी म्हणायच्या.

"जा मग," म्हणून तो चपला पुढं सरकवायचा.

पावसाळा असो, ग्रामसभा असो, मंत्री यायचा असो, याचं आपलं "आज नको जाऊस." त्यांचं "जाणार." याचं "जा मग." ऐकून ऐकून शेजारची पोरंसुद्धा शाळेला निघताना आईला तेच म्हणायला लागली. निघणारीही तीच आणि नको जाऊस म्हणणारीही तीच, पण जाऊ द्या.

मग मुदत संपली. वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, एका तरण्या मुलीला पुढं केलं, तीच निवडून आली. आदल्या दिवशी किल्ल्या, शिक्के, सगळं तिच्या हवाली करून आल्या. सकाळी मी ओट्यावर पेपर उघडून बसलो होतो. वहिनी बाहेर आल्या. सवयीनं पिशवी खांद्याला, सवयीनं एक पाय चपलेत.

जालूनं, सवयीनंच, मान वर न करता म्हटलं, "आज नको जाऊस."

वहिनी थांबल्या. जरा वेळ त्या पायातल्या चपलेकडं बघत राहिल्या. मग पाय काढून घेतला, पिशवी खुंटीला अडकवली.

"बरं," म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या.

या उत्तराची जालूला तयारीच नव्हती. एवढी वर्षं तोंडात बसलेलं "जा मग" त्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

मी पेपरची घडी घातली आणि घरी निघालो.